डॉक्टरांचा नवरा

बापूंच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडणाऱ्या गृहस्थांना मी डॉक्टर समजले आणि वाकून नमस्कार केला. अंगात पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, नाकावर जाड काड्यांचा चष्मा. त्यांनी मला मधेच थांबवलं. म्हणाले, "डॉक्टर आत आहेत. मी त्यांचा नवरा." मग मी नीट पाहिलं. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि दोन्ही हात कणकेनं भरलेले होते.

डॉक्टरांचे, म्हणजे हेमाताईंचे, हॉस्पिटलातले जुने कोट बापू स्वयंपाकाला एप्रन म्हणून वापरत. चांगलं कापड टाकून कशाला द्यायचं, हा त्यांचा हिशोब. पेनं होती ती फ्रीझरमधल्या डब्यांवर भाजीचं नाव टाकायला. "या घरातला दुसरा डॉक्टर मीच," असं ते सांगायचे. नव्या माणसाला ही ओळख करून दिली नाही तर त्यांना चैन पडत नसे.

साल दोन हजार चार. माझा नवरा तिथल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर, होता आणि मी पुण्याची नोकरी सोडून त्याच्यामागे आले होते. गाव इंग्लंडच्या मिडलंड्समधलं, नॉटिंगहॅमपासून गाडीनं अर्ध्या तासावर. नाव मुद्दाम सांगत नाही. ही हकीकत वाचून ज्यांना वाईट वाटेल अशी माणसं तिथे अजून राहतात.

हेमाताई त्या हॉस्पिटलात कन्सल्टंट रेडिओलॉजिस्ट होत्या. एक्स-रे आणि स्कॅन बघायचे आणि काय दिसतं त्याचा रिपोर्ट लिहायचा, हे त्यांचं काम. उंच, सडपातळ, बोलणं तुटक. नवऱ्याला त्या "अरे बापू" म्हणत आणि बापू त्यांना "अहो डॉक्टर" म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं, थट्टा चालली आहे. मग कळलं की गेली तीस वर्षं हे असंच आहे.

बापूंचे वडील औरंगाबादला मेडिकलच्या मुलींच्या होस्टेलची मेस चालवायचे. चालवायचे म्हणजे स्वतःच रांधायचे. बापू वाढायला. बापलेक मेसच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहत. पावसात अंथरुणं उचलून रांजणावर ठेवावी लागत. हेमाताई पुण्याच्या वकिलांची मुलगी. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना टायफॉइड झाला, घरी जायची ताकद नव्हती, आणि बापूंनी त्यांना महिनाभर पेज नेऊन दिली. दाराबाहेर ठेवायची, कडी वाजवायची आणि निघून यायचं. "एकदा दार उघडून म्हणाल्या, मीठ कमी आहे. तिथून सगळं सुरू झालं बघ." हा किस्सा त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकला की मीठ कमी असल्याची जागा आली की मीच पुढे बोलायचे. लग्न कचेरीत झालं. लग्नाचं विचारलं होतं हेमाताईंनी, आणि बापूंनी विचार करायला आठ दिवस मागून घेतले होते. वकीलसाहेबांनी पुढे मरेपर्यंत लेकीचं तोंड पाहिलं नाही. मूलबाळ झालं नाही. "दोघांत तिसरं माणूस म्हणजे आमची गरिबी होती," बापू म्हणायचे, "ती इकडं आल्यावर गेली. तेव्हा जरा करमेना."

इकडे आले तेव्हाची त्यांची आवडती गोष्ट हीथ्रोची. इमिग्रेशनच्या गोऱ्यानं विचारलं, तुमचा व्यवसाय काय? बापूंना इंग्रजी बेताचंच. ते म्हणाले, "हजबंड." गोरा म्हणाला, तो नव्हे, काम काय करता? बापू पुन्हा म्हणाले, "हजबंड. फुल टाइम." त्यानं हसून शिक्का मारला. "खोटं कशाला बोलायचं?" बापू विचारत. "तेच काम करायला आलतो ना."

आमच्या मराठी मंडळात डॉक्टर इतके की साधा खोकला आला तरी तीन मतं मिळायची. या मंडळींना बापूंचं काय करायचं हे कधी कळलं नाही. पुरुष क्रिकेटवर आणि घरांच्या किमतींवर बोलत बसायचे, बापू किचनमध्ये बायकांबरोबर. कुणीतरी बाहेरून हाक मारायचं, "बापू, चहाचं बघा जरा," आणि बापू बघायचे. पाठीमागे त्यांना 'मिस्टर हेमलता' म्हणत. ते त्यांना माहीत होतं. "तव्याला कळत नाही भाकरी कुणी टाकली," एवढंच ते म्हणायचे आणि भाकरी उलटायचे.

मंडळातल्या याच डॉक्टरांची आणखी एक रीत होती. स्वतःच्या दुखण्यासाठी त्यातलं कुणीही दुसऱ्या डॉक्टरकडे जात नसे. कुणाला बीपी, कुणाला शुगर. पण गोळ्या आपल्याच अकलेनं ठरवलेल्या आणि सुट्टीत भारतातून बॅगेत भरून आणलेल्या. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घातलेलं असायचं आणि जीपीनं त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नसायचं. माझा नवराही त्यातलाच. "घरात डॉक्टर असताना कशाला?" असं म्हणायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी तिथे पाहिला.

मला काम मिळेपर्यंत दिवस खायला उठायचा, म्हणून बापूंनी मला गुरुवारी दुपारी घरी बोलवायला सुरुवात केली. कारण काय, तर टीव्हीवरचा एक उर्दू ड्रामा. पाकिस्तानी चॅनेलवर आठवड्यातून एकदा तो लागायचा आणि गुरुवारी तीन वाजता पुन्हा दाखवायचे. नाव होतं लांबलचक. आम्ही त्याला नुसतं 'गुरुवार' म्हणायचो.

"तुम्हाला उर्दू कसं येतं?" मी विचारलं.

"आमच्या गल्लीत शाळा एकच, ती उर्दू. बापाला जवळची शाळा पाहिजे होती. भाषा कोणतीबी चालली असती."

ड्रामा लाहोरमधला. सफिया कॉलेजात शिकवणारी, खात्यापित्या घरातली. मुश्ताक रफूगर. फाटक्या शाली आणि शेरवान्या असा रफू करायचा की फाटलं कुठे होतं ते सापडू नये. आईची शाल घेऊन सफिया त्याच्या दुकानात येते, आणि पुढे सगळं घर विरोधात असताना त्याच्याशी निकाह करते. मग रफूचं काम आटतं, दुकान जातं, एका खोलीत संसार. ती शिकवून कमावते आणि तो घरी रोट्या लाटतो.

तो रोट्या लाटायचा सीन पहिल्यांदा आला तेव्हा बापू उभे राहिले. सीन संपेपर्यंत उभेच. पार्श्वसंगीतात विनोदी काही वाजलं नाही, शेजारीण येऊन हसली नाही. सफिया आली, जेवली, म्हणाली, छान झालीय. "बघ," बापू म्हणाले, "टीव्हीवर पहिल्यांदा बघायलोय. गडी लाटतोय आन कुणी हसंना." डोळे पुसायला त्यांनी कोटाची बाही वापरली, तर चष्म्याला पीठ लागलं.

तेव्हापासून तो ड्रामा त्यांचा झाला. मुश्ताकनं काही चूक केली की ते स्वतःवर घ्यायचे. संध्याकाळी हेमाताई आल्या की त्यांना सगळा भाग सांगायचे आणि त्या वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायच्या, "बापू, ते लिहिणाऱ्याला पैसे मिळतात. तुला काय मिळतं?" पण ऐकायच्या सगळं.

उन्हाळा संपता संपता ड्रामानं वळण घेतलं. सफिया गप्प राहू लागली. बोलता बोलता थांबायची. तिनं मुश्ताकला बँकेत नेलं आणि खिडकीवरच्या माणसाशी ओळख करून दिली. कोणती बस कुठे जाते ते शिकवलं. मुश्ताक बिचारा खूश. आपल्याला बायको शहाणं करतेय म्हणून त्यानं नवी टोपी घेतली.

बापू मात्र खूश नव्हते. त्या दुपारी भाग संपला तरी त्यांनी टीव्ही बंद केला नाही. साबणाच्या जाहिराती चालू राहिल्या. म्हणाले, "तुला कळलं का, ती काय करायलीय ते?"

"काय?"

"ती नवऱ्याला एकट्यानं जगायला शिकवायलीय."

आणि त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर घरापुढच्या ड्राइव्हवर हेमाताईंची गाडी होती. पुढे आणि मागे लाल अक्षराच्या एल पाट्या लावलेल्या. साठीच्या बापूंना गाडी शिकवायचं हेमाताईंनी महिन्यापूर्वी अचानक मनावर घेतलं होतं. तीस वर्षांत हा विषय कधी निघाला नव्हता. बापूंना चौकातल्या गोल राउंडअबाउटची इतकी धास्ती की त्याच्या तोंडाशी गाडी उभी करून ते मागच्या सगळ्यांना हातानं पुढे जा म्हणत. मंडळात यावर महिनाभर हसणं झालं होतं. मीही हसले होते. आता त्या पाट्यांकडे बघता बघता मी टीव्ही बंद केला.

त्यानंतर आम्हाला सगळीकडे तेच दिसायला लागलं. गाडीची डावी बाजू दोनदा घासली गेली होती. हेमाताई म्हणाल्या, पार्किंगमध्ये कुणीतरी घासली. अंधार पडल्यावर त्या गाडी चालवेनाशा झाल्या. एकदा माझ्यासमोर त्यांनी भरलेला कप टेबलावर ठेवला तो कडेच्या बाहेर, आणि तो पडला. त्या फुटलेल्या कपाकडे न बघता म्हणाल्या, "सॉरी, माझं लक्ष नव्हतं." बाजूनं कुणी हाक मारली तर वळायच्या नाहीत. मंडळातल्या बायका म्हणायला लागल्या, हिला आता माणसं दिसेनाशी झाली.

"मन उडालंय त्यांचं," बापू म्हणाले. "सफियाचं उडालंय तसंच. काहीतरी झालंय त्यांना आन त्यांना ते कळलंय. दुसऱ्यांच्या फोटोत त्या रोज तेच बघतात. स्वतःचा फोटो काढून बघितला असंल."

"मग विचारा ना त्यांना."

"मुश्ताकनं कुठं विचारलंय?"

"बापू, तो नट आहे हो."

"तो नट असंल. सवाल खरा आहे ना." मग म्हणाले, "विचारलं आन हो म्हणाल्या तर? जोवर विचारलं नाही तोवर काही झालेलं नाही. मुश्ताक कसं विचारतो ते बघू, मग मी विचारतो."

हसण्यावारी न्यावं असं ते वाक्य, पण हसू येईना. इतका धीराचा माणूस. पत्र्याच्या खोलीतून निघून परक्या देशात आला, पुरुषांची थट्टा आयुष्यभर सोसली, आणि बायकोला एक प्रश्न विचारायला त्याला टीव्हीवरच्या रफूगराची सोबत हवी होती. मी माझ्या नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "हेमाताईंना काही झालं तर त्यांनाच सगळ्यांत आधी कळेल. त्या डॉक्टर आहेत." तिथे विषय संपला.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता टीव्ही लावला तर ड्रामा नाही. रमजान सुरू झाला होता आणि त्या चॅनेलनं महिनाभर सगळे ड्रामे थांबवून धार्मिक कार्यक्रम लावले होते. ईदनंतर पुन्हा सुरू, अशी पट्टी खाली फिरत होती. बापू ती पट्टी वाचत उभे राहिले. सफियानं नुकतंच मुश्ताकला घराच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि तो विचारणार, अशा जागी भाग तुटला होता.

"आता?" मी म्हणाले.

"आता थांबायचं," बापू म्हणाले. "महिन्याचा तर सवाल आहे."

तो महिना वाईट गेला. घड्याळं मागे गेली, साडेचारला अंधार, दिवसभर खिडकीला धुकं. बापू रोज संध्याकाळी बसनं हॉस्पिटलला जायचे आणि हेमाताईंना टॅक्सीनं घरी आणायचे. दोघंही त्याबद्दल काही बोलत नसत. एका संध्याकाळी ते हॉस्पिटलातून परस्पर आमच्याकडे आले. कोट ओला, चेहरा उतरलेला. पाणीही घेतलं नाही.

"आज लवकर गेलतो," ते म्हणाले. "डबा होता हातात, म्हणून आतच गेलो. त्यांची ती फोटो बघायची अंधारी खोली. फक्त त्या फोटोमागं दिवा. डॉक्टर एकट्याच होत्या. तोंड फोटोच्या इतकं जवळ आन मान अशी हलवत होत्या, इकडून तिकडं, इकडून तिकडं. नाही नाही म्हणत असल्यासारखं. मी दारात होतो तर त्यांना कळलंबी नाही."

त्यांनी मान हलवून दाखवली. सावकाश, पार डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत.

"तो फोटो त्यांचाच असणार," बापू म्हणाले. "दुसऱ्याच्या फोटोला कोण नाही म्हणतं?"

ईद झाली आणि ड्रामा परत लागला. मी गेले तेव्हा बापूंनी चहासुद्धा ठेवला नव्हता. पहिल्याच सीनमध्ये सफिया कॉलेजच्या जिन्यात कोसळली. मग हॉस्पिटल, सलाइन, आणि पलंगाजवळ बसलेला मुश्ताक. तो तिचा हात धरून सांगत होता, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तू सांगशील म्हणून मी वाट पाहिली. ऐकायला सफिया शुद्धीवर नव्हती.

बापूंनी तिथेच टीव्ही बंद केला. म्हणाले, "याड लागलं होतं याला. वाट काय बघायची?" कोट काढला, खुंटीला अडकवला आणि खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मी निघाले तरी वळले नाहीत.

त्याच शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. दिवाळी होऊन गेली होती, पण हॉल मिळाला तेव्हा आमची दिवाळी. शाळेचा हॉल, चाळीसएक माणसं, कागदी आकाशकंदील. जेवणं झाली होती. बापूंनी केलेल्या अनारशांचं कौतुक चाललं होतं आणि कुणीतरी सवयीनं म्हणालं, "बापू, चहाचं बघा जरा."

बापू किचनच्या दारातून बाहेर आले. हातात काही नव्हतं. हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत तिथे ते कधी उभे राहिले नव्हते.

"चहा होईल," ते म्हणाले. "आधी मला एक सांगा. तुम्ही इतके डॉक्टर इथं बसलात. यातलं कुणी आमच्या डॉक्टरांना तपासाल का?"

काहीजण हसले. डॉ. नाईक म्हणून एक ज्येष्ठ फिजिशियन होते, गप्पिष्ट, हेमाताईंचे जुने स्नेही. ते म्हणाले, "का हो बापू? हेमाला काय धाड भरलीय? शी इज फिटर दॅन मी."

"बापू, प्लीज," हेमाताई म्हणाल्या. "घरी बोलू."

"घरी तुम्ही बोलू देत नाही," बापू म्हणाले आणि सांगत सुटले. गाडी डावीकडं घासते. कप टेबलाबाहेर ठेवतात. बाजूनं हाक मारली तर ओ देत नाहीत. अंधारात गाडी चालवत नाहीत. फोटोपुढं एकट्याच मान हलवत बसतात. मला गाडी शिकवायला लागल्यात. शेवटी म्हणाले, "त्या मरायला लागल्यात आन मला सांगेनात."

नाईकांचं हसू मधेच कुठेतरी मावळलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि हेमाताईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवून बसले. "हेमा, दोन मिनिटं. माझ्या नाकाकडे बघ. नुसतं नाकाकडे. बोटं हलताना दिसली की सांग."

हेमाताईंना नाही म्हणता आलं असतं. पण चाळीस माणसांसमोर नाही म्हणणं म्हणजे हो म्हणण्यासारखंच झालं असतं. त्या ताठ बसल्या आणि नाईकांच्या नाकाकडे बघू लागल्या.

नाईकांनी दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवली. मला दिसत होती, हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होती. हेमाताई काही बोलल्या नाहीत. हात हळूहळू आत आले. बोटं हलतच होती. हात नाईकांच्या खांद्यांपर्यंत आले, तरी त्या गप्प. नाईकांच्या कानांपाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता."

त्या हॉलमध्ये निम्मे डॉक्टर होते आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मला माझ्या नवऱ्यानं रात्री सांगितलं. हा काचबिंदू. तो दुखत नाही. बाजूची नजर कडेकडेनं आत खात येतो, समोरचं दिसत राहतं, आणि गेलेलं परत येत नाही.

"कधीपासून?" नाईकांनी विचारलं.

"दोन वर्षं असतील. आईला होता. ती आंधळी होऊन गेली."

"कुणाला दाखवलंस?"

"ड्रॉप्स घालतेय ना. औरंगाबादचा एक वर्गमित्र पाठवतो. इथे दाखवलं असतं तर रेकॉर्डवर आलं असतं. मी मान फिरवून सगळी फिल्म बघते, नाईक. एकही कोपरा सोडत नाही."

जो तो मनातल्या मनात तेच बघत असणार: दोन वर्षं, रोजच्या त्या फिल्म्स, आणि त्यांच्या कडा. एकटे बापू त्या गप्प माणसांमध्ये एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे मरणार नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, बापू," नाईक म्हणाले. "यानं मरत नाही माणूस. नीट औषध झालं तर उरलेली नजरसुद्धा राहील."

बापू हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. शेजारी माझा नवरा उभा होता, त्याच्या गळ्यात पडले. म्हणाले, डोळेच आहेत, डोळ्यांचं काय, माझे दोन आहेत की. चाळीस माणसांच्या त्या हॉलमध्ये आनंद झालेला तो एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

हेमाताईंनी मान पूर्ण फिरवून त्यांना शोधलं. "बापू," त्या म्हणाल्या, "तू काय केलंस ते तुला कळलंय का?"

नाईक उठले. खालच्या आवाजात म्हणाले, "सोमवारी हॉस्पिटलात तू सांग, हेमा. तू नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल."

"मीच सांगेन," हेमाताई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यातच काम थांबलं. नॉटिंगहॅमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले आणि नजर जिथे होती तिथे थांबली. हॉस्पिटलनं त्यांचे जुने रिपोर्ट दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घ्यायला सुरुवात केली. ते महिनोन्‌महिने चाललं. मी बापूंकडे जायचे, पण ड्रामाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. घरात फोन वाजला की बापू हातातलं काम सोडून उभे राहायचे. हेमाताई खोलीत रेडिओ लावून बसलेल्या असत. आतून हाक यायची, "अहो, कुणाचा फोन?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या नवऱ्याला अहो म्हणायला लागल्या होत्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं.

"चुकलं असं वाटतं का?" मी एकदा धीर करून विचारलं.

"चुकलंच," बापू म्हणाले. "चार लोकांत नको होतं विचारायला. पण घरात त्यांनी मला गप्प केलं असतं. तीस वर्षं त्या गप्प करत आल्यात, मी गप्प होत आलोय. गोडीनंच, पण होत आलोय."

वसंतात कळलं की तपासणीत एक रिपोर्ट निघाला. एका माणसाच्या छातीचा फोटो. कडेला छोटी सावली होती, ती हेमाताईंना दिसली नव्हती. हेमाताईंनीच बापूंना सांगितलं. माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. फोटो कधीचा होता, तेवढं मात्र सांगितलं. ऑक्टोबरच्या शेवटचा. आमचा ड्रामा बंद होता, त्या महिन्यातला.

नंतर लवकरच माझ्या नवऱ्याला लंडनजवळ स्लाऊला नोकरी मिळाली. निघायच्या आधी मी माझ्या सोनोग्राफीसाठी त्या हॉस्पिटलात गेले होते. मला पाचवा महिना होता. एक्स-रे, स्कॅन, सगळ्यांची वेटिंग रूम एकच. नाव सांगून वळले तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बापू. अंगात पांढरा कोट नाही, साधं जॅकेट, शेजारी घडी केलेली कापडी पिशवी.

"बापू, तुम्ही इथे? काय झालं?"

"मला कुठं काय झालंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी शेजारच्या खुर्चीवरून पिशवी हलवली. "बस, उभी राहू नको."

"अपॉइंटमेंट आहे का?"

"नाही. दुपारचा येऊन बसतो जरा. डॉक्टर झोपलेल्या असतात तेव्हा." खोलीत सातआठ माणसं होती. म्हातारे, दोन बायका, प्लॅस्टरमधला एक मुलगा. बापू एकेकाकडे बघत होते, घाई न करता.

"मी ऑक्टोबरात विचारलं असतं तर तो माणूस वाचला असता," ते म्हणाले.

"तो गेला असं कुणी सांगितलंय का?"

"नाही. तेच तर. तो कोण ते सांगत नाहीत, आहे का गेला तेबी सांगत नाहीत. म्हणून सगळ्यांकडं बघून घेतो."

तेवढ्यात आतून नर्सनं एक नाव पुकारलं. समोरचे म्हातारे साहेब काठीवर जोर देऊन उठायला लागले, दोनदा उठता उठता बसले, खोकले. बापू पटकन उठले, त्यांच्या आधी जाऊन दारापाशी उभे राहिले आणि ते आत जाईपर्यंत दार धरून ठेवलं.